जेवणानंतरचे गोड : मोसमाचे फळ

मराठी घरात ‘आज गोड काय?’ असे विचारले की उत्तरात श्रीखंड, शिरा, बासुंदी, गुलाबजाम ही नावे येतात. इंदूरच्या मराठी घरात त्यात जिलेबी, रबडी आणि मावाबाटी यांची भर पडते. फळाचे नाव क्वचितच येते; आले तर आमरसाचे, तेही महिना-दीड महिना. बाकी वर्षभर फळ म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायची वस्तू, नाहीतर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुकत पडलेली वस्तू. उपासातूनही ते हळूहळू निघून गेले आहे. ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’ या शब्दापासून आला. आज दिवाळीचा फराळ म्हणजे चकली-चिवडा, एकादशीचा फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी, आणि आपल्या शहरातल्या नमकीनच्या दुकानात ‘फलाहारी मिक्श्चर’ मागितले तर तळलेला बटाट्याचा कीस हाती पडतो!

हा विषय आम्ही शाळेच्या वार्तापत्रात का घेतला, ते आधी सांगतो. मुलांना गोड आवडते, आवडणारच. लहान वयाची ती प्रकृतीच आहे. प्रश्न एवढाच की ‘गोड’ म्हणताच त्यांच्या डोळ्यांपुढे काय येते. मधल्या सुट्टीत वर्गावर्गातून चक्कर मारली तर क्रीमची बिस्किटे, चॉकलेटचे वेष्टन आणि कागदी डब्यातला ‘फळांचा रस’ हे सर्रास दिसते. वाढदिवस असेल तर वर्गभर टॉफी वाटल्या जातात. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे रोजच्या खाण्यात साखर किती असते हे दाखवणारा फलक, लावायला सांगितले. पूर्वी प्रौढांमध्येच दिसणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आता मुलांमध्येही दिसू लागला आहे, हे त्यामागचे कारण.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेले प्रमाण असे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांहून कमी असेल तर अधिक चांगले. ज्याला दिवसाला २००० कॅलरी लागतात त्याच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे. लहान मुलांना याहूनही कमी पुरते. थंड पेयांच्या बाटलीत दर १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. उरलेला हिशेब पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. या हिशेबात अख्ख्या फळातली साखर धरलेली नाही, पण फळाच्या रसातली धरलेली आहे. अख्खे संत्रे खाताना साखरेबरोबर चोथा पोटात जातो, चावायला वेळ लागतो, साखर रक्तात सावकाश उतरते आणि एका-दोन संत्र्यांत मन भरते. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात, आणि तो दोन मिनिटांत संपतो. म्हणून ‘आमचा मुलगा फळ खात नाही, पण ज्यूस पितो’ असे पालक समाधानाने सांगतात, तेव्हा आमचे समाधान होत नाही.

जेवणानंतर फळ खाऊ नये, असेही काही घरांतून सांगितले जाते. निरोगी माणसाने जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर फळ खाल्ल्याने अपाय होतो याला काही भक्कम आधार नाही. उलट एक मोठा फायदा आहे. आपल्या पोळी-वरणात आणि पालेभाजीत लोह असते, पण वनस्पतींमधले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते लोह जास्त प्रमाणात शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. आमच्या वरच्या वर्गांतल्या मुली याच वयाच्या आहेत. त्यांच्या ताटात जेवणाच्या शेवटी एखादे संत्रे किंवा अर्धा जाम असावा, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. (जाम म्हणजे पेरू. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या पालकांचा आमच्याकडे नेहमी गोंधळ होतो, म्हणून लिहिले.) जामात ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या तीन-चार पट असते, आणि तो संत्र्याहून स्वस्त! मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, तेव्हा फळ कच्चे, ताजे खाल्लेलेच बरे. जेवण झाल्याबरोबर घेतलेला चहा याच्या उलट काम करतो, लोह अडवतो. तो तासाभराने घ्यावा.

आता फळ खावेसे वाटावे कसे, याकडे वळू. आमचे निरीक्षण असे की मुले फळाला कंटाळत नाहीत, कच्च्या, बेचव, सकाळी चिरून दुपारपर्यंत काळ्या पडलेल्या फोडींना कंटाळतात. म्हणजे सुरुवात खरेदीपासून आहे.

फळांचे दोन वर्ग असतात. आंबा, केळे, पपई, चिकू, सीताफळ ही झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, पिठूळ भागाची साखर होते, गर मऊ पडतो, वास सुटतो. द्राक्षे, संत्री, डाळिंब, लिची, टरबूज, अननस, स्ट्रॉबेरी ही तोडल्यावर आणखी गोड होत नाहीत. आंबट आणली तर आठ दिवसांनीही आंबटच राहतात. म्हणून पहिली फळे थोडी कडक आणून घरी पिकवावीत आणि दुसरी चाखूनच घ्यावीत. द्राक्षवाला एक द्राक्ष चाखू देतोच. संत्रे हातात घेऊन पाहावे, आकाराच्या मानाने जड लागले तर रसदार. टरबुजाच्या ज्या बाजूवर ते जमिनीवर टेकलेले असते तिथला डाग पिवळसर असावा. पांढराफटक असेल तर ते लवकर तोडले आहे. खरबूज देठाजवळ हुंगून घ्यावे. वास नसेल तर ठेल्यावर परत ठेवावे, भले ठेलेवाला काहीही म्हणो.

आंबा घरी पिकवायला गवताची आढी घालतात. इथे त्यालाच ‘पाल लावणे’ म्हणतात. पेटीभर आंबे नसतील तर दोन-चार आंबे कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवावेत. केळ्याचे इथिलीन आंब्याला कामी येते. बाजारात फळे झटपट पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडची पुडी वापरण्यावर अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. इथिलीन वायू ठरलेल्या प्रमाणात, १०० पीपीएमपर्यंत, वापरायला परवानगी आहे आणि तो फळाचा स्वतःचाच वायू असल्याने त्याचे भय नको. फळ कशाने पिकवले हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मोसमाच्या फार आधी आलेला, बाहेरून एकसारखा पिवळा पण वास नसलेला आंबा घ्यायची घाई करू नये, एवढे आपल्या हातात आहे.

चिरण्याआधी फळ वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवावे. साबण नको. टरबूज-खरबुजाची साल आपण खात नाही म्हणून बऱ्याच घरी ती धूत नाहीत. पण सुरी सालीवरून आत जाते आणि सालीवरची घाणही बरोबर नेते. चिरलेले फळ आपल्याकडच्या मे महिन्यात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. ठेल्यावर काचेत सजवून ठेवलेल्या फोडी मुलांना देऊ नयेत, हे याच कारणाने सांगतो.

सफरचंद, केळे, नासपती कापल्यावर तपकिरी होतात, कारण गराला हवा लागताच त्यातले एक विकर काम सुरू करते. थोडा लिंबाचा रस चोळला की ते थांबते. लिंबापेक्षा संत्र्याचा रस घातला तर मुलांना चव जास्त आवडते. साखर किंवा मीठ आधी घालून ठेवू नये. दोन्ही फळातले पाणी बाहेर ओढतात, खाली पाण्याचे तळे होते आणि फोडी लुळ्या पडतात. मीठ, जिरावन जे काय घालायचे ते ताटली पुढे आणताना. चिमूटभर मिठाने फळाचा तुरटपणा दबतो आणि गोडी वर येते. जिरावनाशिवाय जाम खाणे आपल्या शहराला मंजूरच नाही, त्याला हा आधार आहे! फार थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, तेव्हा आंबा, सीताफळ, चिकू फ्रिजमधून जेवायला बसतानाच बाहेर काढावे. जेवण होईपर्यंत ते बेताचे गार होतात. टरबूज मात्र गारच हवे. केळे फ्रिजमध्ये ठेवूच नये, साल काळी पडते.

आणि एका वेळी एकच फळ, पण चांगले. दहा फळांचा मिळून केलेला ढीग पाहायला रंगीत असतो, खायला कशाचीच चव लागत नाही. आंब्याच्या कोयीच्या दोन्ही बाजूंचे गाल कापून, गरावर सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारून, साल खालून वर उलटी केली की शंकरपाळ्यांसारख्या फोडी उभ्या राहतात. पहिलीतले मूल ती ताटली कुणाला देत नाही. डाळिंबाचे चार भाग करून ते पाण्याच्या भांड्यात सोलले तर दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो आणि कपड्यांवर डाग पडत नाहीत. हे काम मुलांनाच द्यावे. द्राक्षे मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना उभी चिरूनच द्यावीत, अख्खे द्राक्ष घशात अडकते. बोराची आणि जांभळाची बीही लहानांच्या बाबतीत आधीच काढलेली बरी.

आमचा माळवा फळांच्या बाबतीत नशीबवान आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला द्राक्षे आणि शहतूत, मग खरबूज-टरबूज. आंब्यात प्रथम दक्षिणेकडचा बादाम येतो, कोकणातले कुणी नातेवाईक असतील तर हापूसची पेटी येते, मग केशर, मग दशहरी-लंगडा, आणि पावसात चौसा. आलिराजपूर जिल्ह्यातल्या कट्ठीवाड्याचा नूरजहाँ आंबा एकेक दोन किलोंच्या वर भरतो. झाडे थोडी असल्याने तो बहुतेकांना वर्तमानपत्रातच दिसतो. मे-जूनमध्ये फालसे आणि खिरनी (मराठीत रायण) अगदी थोडे दिवस येतात. खिरनीचा चीक ओठांना चिकटतो म्हणून मुले हसतात, पण गोडीत ती कोणत्याही टॉफीला हार जाणार नाही. शाळेची सहल मांडवला जाते तेव्हा तिथली खुरासानी इमली, म्हणजे गोरखचिंच, मुले हौसेने विकत घेतात. ती आंबट असली तरी फळच आहे, आम्ही अडवत नाही. जूनमध्ये जांभळे, पावसाळ्यात नासपती आणि आलूबुखारा, मग हिमाचल-काश्मीरचे सफरचंद, दसऱ्याच्या सुमारास सीताफळ, थंडीत संत्री, जाम, बोरे, आवळा. आगर-माळव्याची संत्री दारात असताना परदेशी स्टिकर लावलेली फळे दुप्पट-तिप्पट दराने घ्यावीत असे त्यांत काही विशेष नाही. मोसम भरात असतो तेव्हा फळ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गोड असते. चोइथराम मंडीतून दोन-तीन घरांनी मिळून पेटी आणली तर आणखी परवडते.

सीताफळाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ते घराघरात बिघडते. फळ अलगद दाबले की दबेल इतके मऊ झाल्यावरच उघडावे. गर चाळणीवर घेऊन हाताने फिरवला की बिया वर राहतात. बियांसकट मिक्सरमध्ये कधीही घालू नये. त्या बिया विषारी आहेत, पूर्वी त्यांची पूड उवा मारायला वापरत आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. रबडी-बासुंदी करायची असेल तर दूध आटवून पूर्ण गार करावे आणि मग गर मिसळावा. उकळत्या दुधात घातला तर कडवटपणा येतो. दूध आटल्याने आणि गर गोड असल्याने साखर जवळजवळ लागत नाही.

दूध आणि फळ यांची जोडी आपल्याकडे जुनी आहे, पण तिचेही नियम आहेत. केळ्याचे शिकरण पाच मिनिटांत होते: केळ्याच्या चकत्या, गार दूध, वेलदोडा, केळे ठिपके पडलेले, पूर्ण पिकलेले असेल तर साखर नको. करून ठेवू नये, काळे पडते. (केळे आणि दूध एकत्र आयुर्वेदाला मान्य नाही, असे घरातले वडीलधारे म्हणतात, आणि त्या ग्रंथांत तसे म्हटलेही आहे. ज्यांना पटते त्यांनी केळे नुसते खावे, आमचा आग्रह नाही.) संत्र्याच्या पाकळ्या गार बासुंदीत घालाव्यात, गरम दूध आंबटाने फाटते. ताजा अननस दुधात किंवा दह्यात घातला की थोड्या वेळाने कडू लागतो. त्यातले विकर दुधातली प्रथिने तोडते. पपईतही तसेच विकर असते. कस्टर्डमध्ये अननस हवाच असेल तर तो आधी थोडा शिजवून घ्यावा. याच कारणाने जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला तर जेली धरत नाही, चायना ग्रासची मात्र धरते. आठवीच्या मुलांनी विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग जरूर करून पाहावा.

आमरसाची तऱ्हा प्रत्येक घराची वेगळी. कुणी दूध घालते, कुणी साजूक तूप आणि मिरपूड, कुणी सुंठ. साखर घालायची सवय मात्र सोडून पाहावी. पिकलेल्या केशरात साखर घालणे म्हणजे गाणाऱ्याच्या मैफलीत आपणही गाऊ लागणे.

घरातल्या मधुमेह असलेल्या आजी-आजोबांचा प्रश्न नेहमी येतो. फळ त्यांना वर्ज्य नाही, रस आणि साखर घातलेले पदार्थ टाळायचे. किती फोडी आणि कोणत्या वेळी, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर काही फळांतल्या पोटॅशियममुळे जास्तच जपावे लागते, तिथे आपल्या मनाने काही ठरवू नये.

सणावाराला पुरणपोळी, दिवाळीला करंजी, १५ ऑगस्टला शाळेत बुंदीचा लाडू, हे सगळे राहणार आहे. तो लाडू बंद करावा अशी सूचना एका पालकांकडून आली होती, ती विश्वस्त मंडळाने आणि आम्ही मान्य केली नाही. वर्षातून दोनदा मिळणाऱ्या लाडवाने कुणाचे बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या गोडाने, आणि रोजच्या गोडाची जागा फळाने घ्यावी एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्यासाठी शाळेने या सत्रापासून एक व्यवस्था केली आहे. वाढदिवसाला टॉफी आणि केक वर्गात वाटता येणार नाही. ज्यांना काही वाटायचे आहे त्यांनी मोसमाचे, सुरी न लागणारे फळ आणावे: केळी, संत्री, बोरे, चिकू. वाटलेच पाहिजे असे नाही. न वाटणाऱ्या मुलाला कुणी काही विचारणार नाही, तशी ताकीद वर्गशिक्षकांना दिली आहे. फळे घरून धुऊन आणावीत. एखाद्या मुलाला कोणत्या फळाची ॲलर्जी असेल तर पालकांनी डायरीत लिहून कळवावे. शनिवारी मधल्या सुट्टीच्या डब्यात चौथीपर्यंतच्या मुलांनी एक फळ आणायचे आहे, ते लहान असले, अर्धे असले, काल मंडईतून उरलेले असले तरी चालेल. साली ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यातच टाकायच्या. त्या साली देवगुराडियाला जातात, जिथे २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या कारखान्यात शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार होतो, आणि त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात. तिसरीच्या एका विद्यार्थ्याने हे ऐकून, एका केळ्याच्या सालीवर बस किती लांब जाईल, असे विचारले आहे. गणिताचे शिक्षक उत्तर काढत आहेत.